रवणावरची कोंबडी आणि अंड्याचा पैसा



पेरण्या उरकल्या, पावसानंही चार दिवस उघडीप दिली. बाजरी-मटकीच्या नोंदी पुढच्या आठवड्यात टाकतो. आज परसातल्या कोंबडीचा इतिहास लिहायला घेतलाय, आणि त्याला कारण आहे.

आमच्या वस्तीवर बायकांचा बचत गट आहे. त्या गटात सध्या दोन मतं पडलीत. एक मत असं, की शासनाच्या योजनेतून 25 तलंगा आणि 3 नर मिळतात, निम्मं अनुदान असतं, तर गावरान विकून टाकाव्यात आणि सगळ्या सुधारित जातीच्या आणाव्यात. दुसरं मत जुन्या बायकांचं. त्या म्हणतात, "जी कोंबडी रवणाला बसत नाही, ती आपली न्हवं." ज्यांच्याकडं हा शब्द नाही त्यांच्यासाठी सांगतो, रवण म्हणजे खुडूक कोंबडीला अंड्यांवर उबवायला बसवणं.

ऐकायला हा किरकोळ वाद वाटतो. पण मी महिनाभर जुनं-नवं वाचत गेलो, आमच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारत गेलो, आणि असं दिसलं की कोंबडीचा सगळा इतिहासच या एका प्रश्नाभोवती फिरतोय. कोंबडी स्वतः बसणार की नाही? आणि ती बसायची थांबली की अंड्याचा पैसा कुणाच्या हातात जातो?

कोंबडी दाण्यामागं आली

कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे डार्विननं 1868 सालीच लिहून ठेवलं होतं. कुठल्या मुलखातला, यावर मात्र वाद चालत राहिला. सिंधू संस्कृतीत कोंबड्या पाळल्या गेल्या असं बरीच वर्षं मानत होते. 2020 साली जगभरच्या कोंबड्यांची जनुकं तपासली, तेव्हा नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातला रानकोंबडा आपल्या कोंबडीचा सगळ्यात जवळचा निघाला. 2022 साली जुन्या हाडांची नव्यानं तपासणी झाली. त्यात खात्रीनं पाळीव म्हणता येतील अशी सगळ्यात जुनी हाडं मध्य थायलंडच्या बान नॉन वाट या गावची ठरली. काळ इसवी सनापूर्वी 1650 ते 1250.

त्या शास्त्रज्ञांनी जे कारण सांगितलं ते कुणाही शेतकऱ्याला पटेल. त्या भागात माणसानं कोरडवाहू भात आणि भरडधान्य पेरायला सुरुवात केली. मळणीच्या जागी दाणे सांडायला लागले. रानातला पक्षी त्या दाण्यामागं वस्तीजवळ आला आणि राहिला. म्हणजे कोंबडीला कुणी जाळ्यात धरून आणलं नाही, ती आपणहून खळ्यावर आली. आजही पाखडणीच्या वेळी बाईच्या सुपापुढं कोंबड्या गोळा होतात, ते नातं साडेतीन हजार वर्षांचं धरायला हरकत नाही.

यात आपल्या सह्याद्रीचाही थोडा हात असावा. कोंबडीचे पिवळे पाय सगळ्यांनी पाहिलेत. तांबड्या रानकोंबड्यात तो पिवळेपणा नाही. 2008 साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी शोधलं, की पिवळ्या कातडीचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलंय. हा करडा रानकोंबडा फक्त भारतात, दक्षिण आणि पश्चिमेच्या जंगलात मिळतो. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी भागातल्या लोकांनी त्याची बांग ऐकलेली असते. कुठल्या गावात हा संकर झाला ते कुणाला कळायचं नाही. पण जगातल्या पिवळ्या पायाच्या प्रत्येक कोंबडीत या द्वीपकल्पातल्या रानाचा वाटा आहे.

आपल्या देशात कोंबडी जुनी, याचा दगडावर कोरलेला पुरावाही आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, कुठले प्राणी मारू नयेत ते सांगताना, कोंबड्यांना खच्ची करू नये असा हुकूम आहे. हुकूम निघाला म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी लोक कोंबडे खच्ची करत होते. ते काम नाजूक असतं. ज्याला जमतं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोंबडी असणार.

मनुस्मृतीनं मात्र द्विजांना गावकोंबडा वर्ज्य ठरवला. आमच्याकडं आजही माळकरी घरात कोंबडी नसते. त्यामुळं कोंबडी राहिली ती कुणबी, धनगर, दलित, आदिवासी, म्हणजे राबणाऱ्यांच्या परसात. म्हसोबा, मरीआई यांना कोंबडं, पाहुण्याला कोंबडं, बाळंतिणीला रस्सा.

आणि अंडं? ते क्वचितच खाल्लं जायचं. हे नव्या पिढीला खरं वाटत नाही.

जुना हिशेब

अंडं का खात नव्हते, याचा हिशेब सोपा आहे. गावरान कोंबडी एका फेरीला बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग 21 दिवस रवणावर, त्यानंतर दोन-अडीच महिने पिल्लांमागं. अशा वर्षाला तीन-चार फेऱ्या. म्हणजे सगळी मिळून 40 ते 60 अंडी. त्यातलं प्रत्येक खाल्लेलं अंडं म्हणजे एक पिल्लू कमी. कोंबडी पाळायची ती पिल्लांसाठी, अंडं हे बियाणं होतं. घरातलं बियाणं शिजवून खाणारा कुणबी नसतो.

माझ्या लहानपणी, 1975 ते 80 च्या सुमाराला, आमच्या आईकडं सात-आठ कोंबड्या असायच्या. रात्री डालग्याखाली. रवण घालायची तर ती अंडी निवडून घ्यायची. फार लांबट नको, फार गोल नको, आठ दिवसांच्या वरचं नको. पाटीत खाली राख, वर भुसकट, कोपऱ्यात कोळशाचा आणि लोखंडाचा तुकडा. का, तर वीज कडाडली की अंडी नासतात म्हणून. लोखंडाचं राहू द्या, पण राखेनं पिसवा लागत नाहीत हे खरं. सातव्या-आठव्या रात्री कंदिलासमोर अंडं धरून शिरा दिसतात का बघायची. कोरं निघालं तर बाजूला. आज उबवणी केंद्रात यंत्रासमोर हीच तपासणी होते.

या धंद्याला भांडवल शून्य होतं. चारा उकिरड्यावरचा, खळ्यावरचा, किडा-मुंगीचा. पिल्लू विकत आणायचं नाही. घरात कोंबडी नसेल त्या बाईला शेजारीण अर्धलीनं द्यायची. म्हणजे कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा, पिल्लं निम्मी-निम्मी. नव्या सुनेला माहेरची एखादी तलंग यायची. एवढ्यावर बाईचा संसारातला स्वतःचा व्यवहार सुरू व्हायचा.

आणि तो पैसा तिचा असायचा. जमीन वडिलांच्या नावावर, बैल वडिलांचे, ज्वारी विकली तर पट्टी वडिलांच्या खिशात. पण कोंबडीच्या पैशाला आमच्या वडिलांनी कधी हात लावला नाही. आठवडी बाजारात दोन कोंबडे गेले की आईची बांगडी, आमच्या वह्या, मामाकडं जायचं एसटीचं भाडं त्यातून व्हायचं. वाण्याकडं अंडं देऊन मीठ-काडीपेटी यायची. माझी दहावीची परीक्षा फी कोंबड्यांवरच भरलेली आहे. असं आमच्या एकट्याच्या घरात नव्हतं, वस्तीवर घरोघर हेच चालायचं.

याचं मूळ रवणात आहे. कोंबडी स्वतः बसते, स्वतः पिल्लं काढते, स्वतः त्यांना चरायला शिकवते. बाईला पुढच्या कळपासाठी कुणाकडं पैसे मागावे लागत नाहीत. भांडवल मागायची वेळ आली नाही म्हणून हिशेब द्यायचीही वेळ आली नाही.

पांढरा कोंबडा

आता दुसऱ्या बाजूचा इतिहास. इटलीत लिव्होर्नो नावाचं बंदर आहे. इंग्रज त्याला लेगहॉर्न म्हणायचे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कोंबड्या अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या लोकांनी निवड करत करत पांढरी लेगहॉर्न तयार केली. निवडीचा नियम एकच होता, जी जास्त अंडी देईल ती ठेवायची. जी खुडूक होते ती तीन-चार महिने अंडं देत नाही, म्हणजे ती आपोआप बाद. अशा पन्नास-शंभर पिढ्या गेल्यावर खुडूकपणाच निघून गेला. आजची संकरित लेअर वर्षाला 300 च्या वर अंडी देते आणि आयुष्यात एकदाही रवणाला बसत नाही.

म्हणजे 60 ची 300 झाली ती केवळ खाद्यानं झाली नाहीत. आईपण काढून घेतलं तेव्हा झाली. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. तीनशे अंड्यांमुळंच आज गरिबाच्या पोराला शाळेत अंडं मिळू शकतं. पण आपण काय दिलं आणि काय घेतलं, ते वहीत दोन्ही बाजूंना लिहिलं पाहिजे.

न बसणारी कोंबडी आली की उबवणी यंत्र लागतं. यंत्रही नवं नाही. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांपासून मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवत आलेत. विसाव्या शतकात विजेची मोठी यंत्रं आली आणि एका वेळेला हजारो पिल्लं निघायला लागली. मग अमेरिकेत एक गंमत झाली. डेलावेअर राज्यात सेसिल स्टील नावाची शेतकरीण घराजवळ अंड्यासाठी कोंबड्या पाळायची. 1923 साली तिनं 50 पिल्लं मागवली आणि उबवणी केंद्राकडून चुकून 500 आली. तिनं परत न पाठवता वाढवली आणि मांसासाठी विकली. पैसे इतके झाले, की पुढच्या वर्षी जास्त मागवली, तीन वर्षांत दहा हजारांची शेड उभी राहिली आणि नवरा नोकरी सोडून त्यात आला. ब्रॉयलरचा मोठा धंदा तिथून सुरू झाला असं मानतात. तोवर अमेरिकेतही अंड्याचा पैसा शेतकरणीचाच होता. पुढं ती शेड, ते करार, ते कर्ज हे सगळं पुरुषांचं आणि कंपन्यांचं झालं. सातासमुद्रापलीकडं आणि आपल्याकडं एकच गोष्ट घडली, आपल्याकडं पन्नास वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं केंद्रीय कुक्कुट पैदास केंद्रं काढली, त्यातलं एक मुंबईला आरे इथं. 1960 च्या दशकात सधन कुक्कुट विकास गट आले. गावात सुधारित नर वाटायचे, गावठी नर कमी करायचे, म्हणजे पुढची पिढी जास्त अंड्यांची होईल, असा विचार. आमच्या वस्तीवर असा एक पांढरा कोंबडा आला होता. मी तिसरी-चौथीत असेन. त्याची पिल्लं अंगानं मोठी झाली, अंडीही वाढली. आईनं मात्र दोन वर्षांत एक गोष्ट हेरली, पांढऱ्याच्या लेकी रवणाला नीट बसत नाहीत. बसल्या तर पाच-सहा दिवसांत उठून जातात. तिनं जुन्या कोंबड्यांतल्या दोन वेगळ्या जपल्या आणि पांढऱ्याच्या लेकींची अंडी त्यांच्याखाली घालायला लागली. तिला जनुक हा शब्द माहीत नव्हता, पण निवड कशी करायची ते माहीत होतं.

पुणे आणि अंड्याचा भाव

कोंबडीच्या धंद्यात महाराष्ट्राचं नाव झालं ते पुण्यामुळं. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. अमेरिकन कंपनीशी सहकार्य करून बीव्ही-300 ही लेअर आणली आणि ती देशभर पसरली. त्या काळात अंड्याचा भाव व्यापारी ठरवायचे आणि उत्पादन खर्चही निघायचा नाही अशी पाळी उत्पादकांवर यायची. 1982 साली रावांच्या पुढाकारानं नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. भाव उत्पादकांनी मिळून जाहीर करायचा, हे कांदा-टोमॅटोवाल्यांना आजही न जमलेलं काम अंडीवाल्यांनी तेव्हा केलं. रविवार असो की सोमवार, अंडी खा म्हणणारी टीव्हीवरची जाहिरात आठवत असेल. ती त्यांचीच.

इथं गांधीजींचंही नाव येतं, हे वाचून मला नवल वाटलं. 1942 साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी म्हटलंय, की नराशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, तेव्हा जो दूध पितो त्याला असं अंडं खायला अडचण नसावी. शेडमधलं अंडं तसलंच असतं. पुढं "शाकाहारी अंडं" म्हणून जो प्रचार झाला, त्याचा विचार तेव्हाच मांडला गेला होता.

शेडनं फायदा केला, यात वाद नाही. पण 1985 नंतर आमच्या भागात ज्यांनी शेड टाकल्या, त्या घरांत मी एक बदल पाहिला. शेडचं कर्ज पुरुषाच्या नावावर, कारण सातबारा त्याचा. खाद्याची उधारी, पिल्लांची पावती, अंड्याची पट्टी सगळं त्याच्या नावावर. पाणी घालणं, लिटर हलवणं, अंडी गोळा करणं हे काम बाईचंच राहिलं. काम तेच, खिसा बदलला. कोंबडी शेडात गेली आणि तिच्याबरोबर पैसाही अंगणातून उठून गेला.

मानमोडी

मग परसातली कोंबडी एवढी मागं का पडली? शेडनं तिला मारलं नाही. तिला मारलं मानमोडीनं. उन्हाळ्याच्या तोंडाला एखादी कोंबडी पंख पाडते, हिरवी हगवण लागते, मान वाकडी होते, आणि आठवड्यात वस्तीवरची डालगी रिकामी. लस नसेल तर शंभरातल्या ऐंशी-नव्वदही जातात. दोन-तीनदा असं झालं की बाई म्हणते, नकोच ती कोंबडी.

या रोगाला जगात न्यूकॅसल म्हणतात, आपण राणीखेत म्हणतो. दोन्ही गावांची नावं आहेत. 1926 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावर तो ओळखला गेला, आणि पाठोपाठ 1927-28 च्या सुमाराला कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला. त्याच डोंगरात मुक्तेश्वरला जनावरांच्या रोगांची मोठी प्रयोगशाळा होती. ती मूळची कुठली, तर पुण्याची. 1889 साली पुण्यात सुरू झालेली ही संस्था 1893 मध्ये मुक्तेश्वरला हलवली. आज तिला भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणतात. 1940 च्या दशकात तिथं मानमोडीची लस तयार झाली. आज आपण मोठ्या कोंबडीला जी आर-टू-बी लस टोचतो ती त्याच मुक्तेश्वर वाणाची.

म्हणजे परसातली कोंबडी वाचवायचं साधन ऐंशी वर्षांपासून आपल्याच देशात आहे. तरी डालगी रिकामी होतात. कारण साधं आहे. लसीची कुपी शेकड्याच्या हिशेबात येते, ती थंडीत ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घरानं ती आणायची कशी? शेडवाल्याला ही अडचण येत नाही. परसातल्या बाईला येते. लस होती, पण ती ज्या मापात आली ते माप तिच्या अंगणाचं नव्हतं.

यावर उपाय एकच, वस्ती एकत्र येणं. आमच्या गटानं चार वर्षं हे केलंय. दिवस ठरवायचा, आठ दिवस आधी सगळ्यांनी जंताचं औषध द्यायचं. संध्याकाळी कोंबड्या डालग्यात गेल्या की पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात कुपी आणायची आणि दोन तासांत तीसेक घरं उरकायची. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, सहा ते आठ आठवड्यांच्या झाल्या की आर-टू-बी पंखाखाली. खर्च कोंबडीमागं चहाच्या कपाहून कमी येतो. चार वर्षांत मानमोडीनं वस्तीवरचं एकही डालगं रिकामं केलेलं नाही.

पुन्हा परसात

1980 च्या दशकाअखेरपासून शास्त्रज्ञ पुन्हा परसाकडं वळले. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आली. हैदराबादच्या केंद्रीय कुक्कुट संस्थेनं वनराजा आणि ग्रामप्रिया काढल्या. रंग गावरानसारखा, म्हणजे घारीला पांढऱ्याइतकी लांबून दिसत नाही. चरायची सवय असते. ग्रामप्रिया परसात थोडं खाद्य दिलं तरी वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते. गावरानच्या तिप्पट. हे काम चांगलं आहे, बायकांना त्याचा फायदा झालाय. पण या कोंबड्याही रवणाला बसत नाहीत म्हटलं तरी चालेल. आणि त्यांच्या अंड्यातून काढलेली पुढची पिढी आईसारखी निघत नाही, अंडी कमी होत जातात. म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी पिल्लं विकतच आणायची.

विकत आणण्यावर सगळं उभं राहिलं की काय होतं, ते दोनदा दिसलं. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. शेडच्या लाखो कोंबड्या मारल्या, आणि त्या पट्ट्यातल्या आदिवासी घरांच्या परसातल्याही मारल्या. रोग आवरायला ते करावंच लागलं. शेडवाला पुन्हा कर्ज काढून उभा राहिला. ज्या बाईची रवणावर बसणारी जुनी कोंबडी गेली, तिला पैसे मिळाले तरी तशी कोंबडी कुठल्या केंद्रातून आणायची? 2021 साली परभणी जिल्ह्यात आणि पुन्हा नवापूरला तेच. दुसरं उदाहरण 2019 चं. झाबुआच्या काळ्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, आणि लगेच सांगली-कोल्हापूरकडं "पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच घेतो" असं सांगून कित्येक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कडकनाथचा त्यात काही दोष नाही. पिल्लू, खाद्य आणि गिऱ्हाईक तिन्ही एकाच परक्या हातात असलं की धंदा आपला राहत नाही.

तरीही परस संपलेला नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात 85 कोटींच्या वर कोंबड्या-पक्षी मोजले, त्यातले सुमारे 31 कोटी 70 लाख परसातले. 2012 च्या गणनेपेक्षा परसातल्यांची वाढ जवळजवळ 46 टक्के, आणि व्यापारी फार्मवरची 5 टक्क्यांच्याही आत. जे लोक म्हणतात परसातली कोंबडी आता इतिहासजमा, त्यांनी हे आकडे बघावेत.

मग गटानं काय करावं

माझं मत बायकांनी विचारलं म्हणून सांगितलं, तेच इथं लिहितो. दोन्ही बाजू निम्म्या-निम्म्या बरोबर आहेत. सुधारित तलंगा जरूर आणा. रोज घरात पोरांना अंडं आणि विकायला चार, हे गावरानवर होत नाही. पण गावरान विकू नका. प्रत्येक घरात निदान दोन कोंबड्या अशा ठेवा ज्यांनी स्वतः रवण पूर्ण करून पिल्लं वाढवलीत. आणि निदान चार-पाच घरांनी मिळून एक गावरान कोंबडा ठेवा, दोन वर्षांनी तो लांबच्या वस्तीवरच्याशी बदला, म्हणजे रक्त एकाच घरात फिरत नाही. सुधारित नर त्या घरांत नको.

आमच्या घरी सूनबाईनं असंच मांडलंय. आठ ग्रामप्रिया, चार गावरान, एक गावरान कोंबडा. ग्रामप्रियाच्या अंड्यांवर घरखर्चातलं तेल-साबण निघतं. गावरानची पिल्लं वर्षाला दोनदा बाजारात जातात, आणि गावरान कोंबड्याला बाजारात ब्रॉयलरच्या दुपटीनं भाव मिळतो. दोन्हीच्या वह्या तिच्याकडं आहेत, पैसे तिच्या खात्यात. मी खुराड्याला जाळी ठोकून दिली, मुंगसाचं भोक बुजवलं, तेवढाच माझा वाटा.

कृषी सहायक आणि पशुवैद्यक मंडळी हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. कोंबडी बघायला आलात की वर्षाची अंडी विचारता, वजन विचारता. ती विचाराच. पण वहीत आणखी एक रकाना आखा, रवणाला किती वेळा बसली आणि बसवलेल्या अंड्यांतली किती पिल्लं मोठी झाली. जे मोजलं जात नाही ते योजनेत येत नाही, आणि जे योजनेत येत नाही ते वीस वर्षांत नाहीसं होतं. खुडूकपणा हा अंड्याच्या हिशेबात दोष आहे. बाईच्या हिशेबात तोच गुण आहे. एकदा गेला की तो कुठल्या कुपीत मिळत नाही.

आणि बायाबापड्यांनो, योजनेचा अर्ज भरताना अर्जदाराच्या रकान्यात तुमचं नाव घाला आणि बँकेचं खातंही तुमचंच द्या. अंड्याचा पैसा फार पूर्वीपासून तुमचा आहे.

गटाच्या लसीकरणाचा पुढचा दिवस येत्या अमावस्येनंतरचा पहिला शनिवार, संध्याकाळी साडेसहानंतर. जंताचं औषध आधीच्या शनिवारी. तुमच्या भागात खुडूक कोंबडीला, रवणाला काय म्हणतात आणि अर्धलीची पद्धत अजून आहे का, ते जरूर लिहा.